गुप्तलेखनातील समचयात्मक रूपांतरणे

मजकुरातील अक्षरे, अंक वा चिन्हे ठराविक नियमाने परस्परांच्या जागी घालून, त्यांचा क्रम पालटून किंवा त्यांचे ठराविक गट एकमेकांत मिसळून मूळ अर्थ झाकणाऱ्या क्रियांना गुप्तलेखनशास्त्रात समचयात्मक रूपांतरणे म्हणतात. सान्त संख्येच्या वस्तूंची निवड, मांडणी व मोजणी यांचा विचार करणाऱ्या समचयात्मक गणिताशी या क्रियांचा निकट संबंध आहे. रूपांतरण उलट करता येणे ही पहिली अट होय. कारण ज्याला मजकूर पाठवावयाचा त्याला तो परत मिळाला पाहिजे. अनधिकारी व्यक्तीला तो मिळू नये ही दुसरी अट असून तिची हमी कितपत देता येते, हा या विषयातील खरा प्रश्न आहे. संभाव्य मांडण्यांची संख्या अतिप्रचंड असली, की गुप्तता आपोआप साधते अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती व सर्वसामान्यांत ती अद्याप आढळते. मराठी वाङ्मयाच्या इतिहासातच या समजुतीला छेद देणारे एक ठळक उदाहरण आहे.

मूळ प्रकार दोन. पहिल्यात प्रत्येक अक्षराऐवजी दुसरे ठराविक अक्षर वा चिन्ह योजतात. यास प्रतिस्थापन म्हणतात. दुसऱ्यात अक्षरे तीच राहतात, केवळ त्यांच्या जागा बदलतात. यास स्थानांतरण म्हणतात. मराठी मुलांच्या खेळातील ‘च’ची भाषा हे स्थानांतरणाचे सोपे उदाहरण होय. तीत शब्दाचे पहिले अक्षर शेवटी नेऊन आरंभी ‘च’ लावतात, त्यामुळे ‘पाणी’चे ‘चणीपा’ आणि ‘पेण’चे ‘चणपे’ होते. अंकपल्लवी या जुन्या संकेतपद्धतीत अक्षराचा वर्ग, वर्गातील क्रम व स्वर हे तीन अंकांनी दर्शवितात. कवर्ग पहिला, चवर्ग दुसरा याप्रमाणे पवर्ग पाचवा आणि अ, आ, इ, ई, उ, ऊ, ए या क्रमाने ‘ए’ हा सातवा स्वर मानल्यास ‘पेण’ हा शब्द ५१७ ३५१ असा लिहिला जाईल. बोटांच्या खुणांनी केलेल्या अशाच संभाषणास करपल्लवी म्हणत. वात्स्यायनाच्या कामसूत्रात चौसष्ट कलांमध्ये ‘म्लेच्छितविकल्प’ या नावाने गूढलेखनाची गणना केलेली असून यशोधराने जयमंगला या टीकेत अक्षरांच्या अदलाबदलीच्या काही रीती सांगितल्या आहेत. मोडी लिपी गुप्ततेसाठी निर्माण झाली असे पुष्कळदा म्हटले जाते, त्यात तथ्य नाही. ती हात न उचलता शीघ्र लिहिण्याची लिपी होती आणि दप्तरातील प्रत्येक कारकुनास ती वाचता येत असे.

महानुभावांच्या लिपी : तेराव्या शतकात चक्रधरांनी प्रवर्तित केलेल्या महानुभाव पंथाने आपले ग्रंथ चौदाव्या शतकापासून सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवण्यास प्रारंभ केला. सकळ, सुंदरी, पारमांडल्य, अंक, शून्य इ. नावांनी या लिप्या ओळखल्या जातात. त्यांपैकी सकळ लिपी सर्वांत अधिक प्रचारात होती व तिच्या निर्मितीचे श्रेय रवळोबास यांना देण्यात येते. ग्रंथांचे पावित्र्य जपणे, पाठ शुद्ध राखणे व अनधिकारी वाचकांना दूर ठेवणे अशी या योजनेची कारणे अभ्यासकांनी दिली आहेत. महाराष्ट्राप्रमाणेच पंजाब व काबूलपर्यंत पसरलेल्या मठांतून या पोथ्यांच्या नकला होत राहिल्या.

तांत्रिक दृष्ट्या सकळ लिपी ही प्रतिस्थापनाच्या जातीची होय. अशा लिपीच्या किल्ल्या किती, याची मोजणी सोपी आहे. ‘क’ पासून ‘ळ’ पर्यंत मराठीची ३४ व्यंजने घेतली (क्ष व ज्ञ ही जोडाक्षरे वगळली) आणि स्वर बाजूस ठेवले, तर पहिल्या व्यंजनासाठी ३४ पर्याय, दुसऱ्यासाठी उरलेले ३३, तिसऱ्यासाठी ३२ याप्रमाणे सर्वांचा गुणाकार करावा लागतो. ३४ वस्तूंच्या या क्रमचयांची संख्या ३९ आकडी असून ती १० च्या ३८ व्या घाताच्या सु. २.९५ पट भरते. आता तुलनेसाठी आधुनिक काळातील एक संख्या घेऊ. बँकांचे व्यवहार व दूरसंदेशवहन यांत एकविसाव्या शतकात सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्रगत गुप्तलेखन मानकाची लहानात लहान किल्ली १२८ द्विमान अंकांची, म्हणजे १२८ बिटांची असते. अशा किल्ल्यांची संख्या २ चा १२८ वा घात, म्हणजे १० च्या ३८ व्या घाताच्या सु. ३.४० पट होते. दोन्ही संख्या जवळजवळ सारख्याच आहेत. यांपैकी पहिल्या पद्धतीने लिहिलेले पानभर लेखन चिकाटीचा माणूस कागद-पेन्सिलीने उलगडू शकतो, तर दुसरीची व्यवहारात उकल झाल्याचे एकही उदाहरण ज्ञात नाही. अर्थात दोहोंमधील फरक किल्ल्यांच्या संख्येत नाही. तो अन्यत्र शोधला पाहिजे.

सकळ लिपीची उकल विसाव्या शतकाच्या प्रारंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांनी केली. रायगड (पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील पेण तालुक्यात वरसई हे त्यांचे जन्मगाव. गणित हा त्यांचा व्यवसाय नव्हता. जुन्या मराठीची व्याकरणरूपे, शब्दांच्या व्युत्पत्ती आणि दप्तरांतील हस्तलेखनाच्या लकबी यांचा त्यांचा व्यासंग मात्र असाधारण होता आणि गूढलेख उकलणाऱ्यास नेमकी हीच सामग्री लागते. पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांनी महानुभाव वाङ्मयाचा परिचय मराठी वाचकांस करून दिला आणि पंथातील काही महंतांनीही अभ्यासकांना पोथ्या खुल्या केल्या. त्यानंतर य. खु. देशपांडे, ह. ना. नेने, वि. भि. कोलते प्रभृतींनी या ग्रंथांच्या संपादनाचे कार्य केले. म्हाइंभटांचे लीळाचरित्र हा मराठीतील आद्य गद्यग्रंथ मानला जातो. त्याची कोलते यांनी संपादिलेली आवृत्ती १९७८ मध्ये प्रसिद्ध झाली. सुमारे सहा शतके मराठी गद्याचा आरंभच पंथाबाहेरील मराठी वाचकांपासून दडलेला होता, असे म्हणावयास हरकत नाही. लिपीने ग्रंथ जपले हे खरे. परंतु न वाचता येणाऱ्या पोथ्यांविषयी बाहेर जे गैरसमज पसरले त्यांना उत्तर देण्याचे साधनही त्याच लिपीमुळे पंथाच्या हाती उरले नाही.

प्रतिस्थापन का टिकत नाही, याचे मर्म बगदादचा तत्त्वज्ञ अल्-किंदी याने नवव्या शतकातच सांगितले होते. अक्षराचे रूप बदलले तरी त्याची वारंवारता बदलत नाही. मराठीत त, न, र, ल ही व्यंजने पुनःपुन्हा येतात. झ, ठ, ढ ही विरळ आणि ङ, ञ ही स्वतंत्रपणे जवळजवळ आढळतच नाहीत. गूढलेखातील सर्वांत अधिक वेळा येणारी चिन्हे वेगळी काढली, की शोधाचे क्षेत्र एकदम आकुंचित होते. त्यातच चरित्रग्रंथात ‘गोसावी’, ‘सर्वज्ञ’, ‘म्हणीतले’ यांसारखे शब्द पानोपानी येत असतील, तर त्यांचा साचा ओळखून एका फटक्यात अनेक अक्षरे हाती लागतात. उकलणारा ३९ आकडी संख्येतील किल्ल्या एकेक करून लावून पाहत नाही. प्रत्येक सुट्या अक्षराचा निर्णय तो स्वतंत्रपणे घेतो व चूक झाल्यास तेवढीच दुरुस्त करतो. कुलपाचे प्रत्येक खिटीगणिक वेगवेगळे परीक्षण करता येत असेल, तर एकूण किल्ल्या किती आहेत याला महत्त्व राहत नाही. शिवाय एकच किल्ली शतकानुशतके, सर्व मठांत व सर्व ग्रंथांसाठी वापरात राहिली. पद्धतीचा तपशील शत्रूच्या हाती पडला तरी केवळ किल्ली अज्ञात असल्याने गुप्तता टिकली पाहिजे, हे तत्त्व ऑग्यूस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्ये मांडले. सकळ लिपीत पद्धत आणि किल्ली या वेगळ्या नव्हत्याच.

स्थानांतरणाची स्थिती याहून फारशी बरी नसते. दहा स्तंभांत लिहिलेला मजकूर स्तंभांचा क्रम पालटून वाचल्यास ३६,२८,८०० क्रम संभवतात. परंतु अक्षरांची वारंवारता जशीच्या तशी राहिल्यामुळे गूढलेख कोणत्या भाषेतील आहे व तो स्थानांतरित आहे, हे पाहताक्षणीच कळते. लगतची अक्षरे भाषेत एकत्र येऊ शकतात की नाहीत, हे पाहत पाहत स्तंभ जुळविता येतात.

एनिग्मा यंत्राचे उदाहरण : जर्मन सैन्याच्या एनिग्मा या यंत्राची कथा सर्वश्रुत असली, तरी तिचा समचयात्मक गाभा क्वचितच सांगितला जातो. या यंत्रात फिरत्या चकत्यांखेरीज अक्षरांच्या जोड्या आपसांत बदलणारा एक खुंट्यांचा फलक होता. सहा तारा जोडल्यास या फलकाच्या १,००,३९,१७,९१,५०० भिन्न मांडण्या होतात आणि यंत्राच्या अभेद्यतेविषयीचा विश्वास बव्हंशी या संख्येवर उभा होता. पोलंडचे गणितज्ञ मार्यान रेयेव्स्की यांनी १९३२ मध्ये क्रमचयांच्या सिद्धांतातील एका साध्या प्रमेयाने तो निराधार ठरविला. कोणताही क्रमचय चक्रांत विभागता येतो : ‘अ’चा ‘क’, ‘क’चा ‘म’ व ‘म’चा पुन्हा ‘अ’ होत असेल, तर ते तीन लांबीचे चक्र होय. एखाद्या क्रमचयाच्या आधी अक्षरांची अदलाबदल केली व नंतर तीच अदलाबदल उलट केली, तर चक्रांतील अक्षरांची नावे बदलतात, चक्रांच्या लांब्या बदलत नाहीत. खुंट्यांचा फलक नेमके एवढेच करीत होता. जर्मन कार्यपद्धतीत प्रत्येक संदेशाच्या आरंभीची तीन अक्षरे दोनदा गुप्त करून पाठवीत. त्यामुळे दिवसभरात पकडलेल्या संदेशांवरून या चक्रांच्या लांब्या काढता येत. फलकाच्या दहा हजार कोटींहून अधिक मांडण्या हिशेबातून निघून गेल्या आणि चकत्यांच्या केवळ १,०५,४५६ स्थिती उरल्या. त्यांची सूची तयार करणे कष्टाचे, पण शक्य कोटीतील काम होते. ते पोलिश गणितज्ञांनी केले. रूपांतरण करूनही जी राशी बदलत नाही तिला निश्चल राशी म्हणतात. प्रतिस्थापनात वारंवारता निश्चल राहते, फलकात चक्रांची लांबी निश्चल राहते आणि उकलणारा प्रत्येक वेळी अशाच राशीच्या मागावर असतो.

परिपूर्ण गुप्तता : हमी या शब्दाला गणिती अर्थ प्राप्त करून देण्याचे श्रेय अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन (१९१६–२००१) यांच्याकडे जाते. त्यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दोन गोष्टी दाखविल्या. पहिली अशी, की भाषेतील अतिरिक्ततेमुळे गूढलेखाची एक ठराविक लांबी ओलांडली, की अर्थपूर्ण मजकूर देणारी एकच किल्ली उरते. साध्या प्रतिस्थापनासाठी इंग्रजीत ही लांबी सु. ३० अक्षरे येते. मराठीत व्यंजनामागे अतिरिक्तता केवळ २ द्विमान अंक मानली, तरी वरील १२८ अंकांची किल्ली ६४ व्यंजनांत निश्चित होते. म्हणजे पोथीच्या दोनतीन ओळी पुरेशा ठरतात. दुसरी गोष्ट अशी, की गूढलेख पाहून मूळ मजकुराविषयी कसलीही, अगदी अंशमात्रही माहिती मिळणार नाही अशी पद्धत अस्तित्वात असू शकते. हिला परिपूर्ण गुप्तता म्हणतात.

मजकूर, किल्ल्या व गूढलेख यांची संख्या सारखी असेल, तर परिपूर्ण गुप्ततेसाठी दोन अटी आवश्यक व पुरेशा आहेत : प्रत्येक किल्ली सारख्याच संभाव्यतेने निवडली जावी आणि प्रत्येक मजकुरापासून प्रत्येक गूढलेखाकडे नेणारी बरोबर एक किल्ली असावी. दुसरी अट कोष्टकरूपाने मांडली असता लॅटिन चौरस मिळतो. ज्या चौरसाच्या प्रत्येक ओळीत व प्रत्येक स्तंभात प्रत्येक चिन्ह बरोबर एकदा येते त्यास लॅटिन चौरस म्हणतात. उदा.,

क ख ग
ख ग क
ग क ख

यात ओळ म्हणजे किल्ली, स्तंभ म्हणजे मूळ अक्षर आणि चौकटीतील चिन्ह म्हणजे गूढाक्षर मानावे. गूढाक्षर ‘ख’ दिसले, तर ते पहिल्या स्तंभातील असू शकते, दुसऱ्यातील असू शकते किंवा तिसऱ्यातीलही असू शकते. तिन्ही शक्यता पूर्वीइतक्याच उरतात. शत्रूजवळ कितीही वेगवान संगणक असला, तरी जी माहिती गूढलेखात नाहीच ती त्याला काढता येत नाही. ही हमी काळावर वा यंत्रांच्या प्रगतीवर अवलंबून नाही. मात्र तिची किंमत जबर आहे. प्रत्येक अक्षरासाठी नवी यदृच्छ किल्ली लागते व ती पुन्हा वापरता येत नाही. या पद्धतीने लीळाचरित्र झाकावयाचे, तर तितक्याच अक्षरांचा दुसरा एक निरर्थक ग्रंथ तयार करून तो प्रत्येक अधिकारी वाचकाकडे गुपचूप पोहोचवावा लागेल आणि दुसरी पोथी झाकताना तो जाळून पुन्हा नवा करावा लागेल. सोव्हिएट संघाच्या काही एकवार-किल्ल्यांची पाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दोनदा छापली गेली. तेवढ्या आधारावर अमेरिकन गुप्तलेखनतज्ञांनी १९४३ पासून चालविलेल्या प्रयत्नांत त्या संदेशांचा काही भाग वाचला. प्रमेय खोटे ठरले नाही, त्याची अट मोडली गेली.

लॅटिन चौरसांच्या अभ्यासात भारतीय गणितज्ञांचा वाटा मोठा आहे. दोन चौरस एकमेकांवर ठेवले असता चिन्हांची प्रत्येक जोडी बरोबर एकदाच येत असेल, तर त्यांना परस्पर लंबकोनी म्हणतात. ज्या क्रमाला ४ ने भागल्यास २ बाकी उरते त्या क्रमाचे (६, १०, १४, … ) लंबकोनी चौरस नसावेत, असे अनुमान ऑयलर यांनी १७८२ मध्ये मांडले होते. सहाच्या बाबतीत ते खरे आहे. रा. चं. बोस, शरच्चंद्र शंकर श्रीखंडे (१९१७–२०२०) आणि ई. टी. पार्कर यांनी १९५९–६० मध्ये सहाहून मोठ्या अशा प्रत्येक क्रमासाठी ते खोटे असल्याचे सिद्ध केले. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख होते. हे संशोधन गुप्तलेखनासाठी झालेले नव्हते. प्रयोगांचा अभिकल्प हे त्यामागील उपयोजन होते. तथापि गुपिताची वाटणी करण्याच्या पद्धतींत, ज्या शामिर व ब्लेकली यांनी १९७९ मध्ये स्वतंत्रपणे मांडल्या, लंबकोनी चौरसांची जोडी थेट उपयोगी पडते. ओळीचा क्रमांक हे गुपित मानून स्तंभ यदृच्छ निवडावा आणि स्तंभाचा क्रमांक, पहिल्या चौरसातील चिन्ह व दुसऱ्या चौरसातील चिन्ह तीन व्यक्तींना एकेक करून द्यावे. कोणत्याही दोघांनी आपापले भाग एकत्र केल्यास ओळ निश्चित होते; एकट्याला मात्र काहीच कळत नाही. दहा क्रमाचे लंबकोनी चौरस असल्यामुळे दशमान पद्धतीतील एक अंक अशा प्रकारे तिघांत वाटता येतो. व्यवहारात ११ किंवा १०१ यासारखी अविभाज्य संख्या घेऊन काम अधिक सोपे होते, ही गोष्ट वेगळी.

सर्व-किंवा-शून्य रूपांतरणे : हमीच्या मर्यादा किती बारकाईने वाचाव्या लागतात, हे या प्रकारावरून उत्तम प्रकारे कळते. रॉनल्ड रिव्हेस्ट यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या कल्पनेनुसार मजकुराचे अनेक खंड अशा तऱ्हेने मिसळावयाचे, की मिळालेले सर्व खंड हाती असल्यास मूळ मजकूर सहज परत यावा, परंतु त्यांपैकी एकही खंड गहाळ असल्यास मूळचा कोणताही खंड कळू नये. १२८ पेक्षा लहान किल्ल्या वापरणे भाग असेल, तर शत्रूला प्रत्येक किल्ली संपूर्ण मजकुरावर चालवून पाहावी लागावी, हा त्यामागील हेतू. डग्लस स्टिन्सन यांनी २००१ मध्ये याची संगणकाच्या वेगाशी निरपेक्ष अशी समचयात्मक आवृत्ती दिली. ती एकघाती असावयाची, तर सान्त क्षेत्रावरील असा व्यस्तक्षम आव्यूह घ्यावा लागतो, की ज्याचा एकही घटक शून्य नाही. आणि तेवढे पुरतेही.

दोन खंडांचे लहान उदाहरण घेऊ. सर्व हिशेब ५ ने भागून उरणाऱ्या बाकीने करावा. मूळ अंक य व र असल्यास पहिला नवा अंक य + र आणि दुसरा य + २र असा घ्यावा. य = ४ व र = २ असता नवे अंक १ व ३ येतात. दुसऱ्यातून पहिला वजा केल्यास र, म्हणजे २ मिळतो. पहिल्याच्या दुपटीतून दुसरा वजा केल्यास −१, म्हणजे ४ हा य मिळतो. केवळ १ हा पहिला अंक ठाऊक असेल, तर य हा ०, १, २, ३, ४ यांपैकी कोणताही असू शकतो, कारण प्रत्येकाला जुळणारा एक र आहे. येथवर हमी पक्की आहे. परंतु य व र यांची बेरीज १ आहे, हे मात्र उघड झालेले आहे. र हा केवळ ० किंवा १ असू शकतो अशी पूर्वकल्पना शत्रूला असेल, तर य हा १ किंवा ० याखेरीज अन्य असू शकत नाही. म्हणजे हमी ‘प्रत्येक सुटा खंड अज्ञात राहील’ एवढ्यापुरतीच आहे. खंडांमधील संबंध अज्ञात राहतील असे ती म्हणत नाही आणि मूळ खंड यदृच्छ असावेत ही अट तिच्या पोटात दडलेली आहे. भाषेतील मजकूर कधीच यदृच्छ नसतो. आणखी असे, की या रूपांतरणाला किल्लीच नाही. सर्व खंड ज्याच्या हाती पडले त्याच्यापासून ते काहीच लपवीत नाही, त्यामुळे त्याला गुप्तलिपी म्हणणे अयोग्य होय. ही गल्लत विद्वानांच्या लेखनातही क्वचित आढळते.

आधुनिक खंड-लिपी : परिपूर्ण गुप्ततेची किंमत परवडत नसल्यामुळे व्यवहारात लहान किल्ली घेऊन प्रतिस्थापन व स्थानांतरण आलटून पालटून अनेकदा केले जाते. प्रत्येक आवर्तनात एका अक्षराचा प्रभाव अधिकाधिक जागी पसरतो आणि सुट्या अक्षराचा स्वतंत्र निर्णय घेण्याची उकलणाऱ्याची सोय नाहीशी होते. शॅनन यांनी या दोन परिणामांना संभ्रम व प्रसरण अशा अर्थाची नावे दिली होती. अमेरिकेत १९७७ मध्ये स्वीकारलेल्या मानकात मजकुराचा खंड दोन अर्ध्या भागांत विभागून १६ आवर्तने केली जात. अशा रचनेविषयी मायकेल ल्यूबी व चार्ल्स रॅकॉफ यांनी १९८८ मध्ये एक महत्त्वाचे प्रमेय सिद्ध केले. प्रत्येक आवर्तनातील फलन यदृच्छासमान व इतरांहून स्वतंत्र असेल, तर तीन आवर्तनांनी मिळणारा क्रमचय मजकूर आपल्या इच्छेने निवडणाऱ्या शत्रूलाही खऱ्या यदृच्छ क्रमचयाहून वेगळा ओळखता येत नाही. गूढलेखही निवडता येत असतील, तर चार आवर्तने लागतात. ही सिद्धता आश्वासक असली, तरी तिच्यातील ‘असेल तर’ दुर्लक्षिण्याजोगे नाही. तसेच ६४ द्विमान अंकांचा खंड घेतल्यास तिने दिलेले आश्वासन सु. ६५ हजार संदेशांच्या आसपास क्षीण होते. प्रत्यक्ष मानकातील फलने यदृच्छ नव्हती, त्यामुळे त्याला हे प्रमेय जसेच्या तसे लागूही पडत नव्हते. १९९० च्या सुमारास बीहाम व शामिर यांनी आणि १९९३ मध्ये मात्सुई यांनी त्यातील सांख्यिकीय खुणांचा माग काढणाऱ्या पद्धती शोधल्या. पण त्याचा प्रत्यक्ष पाडाव झाला तो ५६ अंकांच्या आखूड किल्लीमुळे. १९९८ मध्ये खास बांधलेल्या एका यंत्राने १७ आकडी संख्येइतक्या किल्ल्यांमधून योग्य ती किल्ली ५६ तासांत शोधून काढली. किल्ल्यांची विपुलता पुरेशी नाही हे वर पाहिले. ती आवश्यक आहे हे या घटनेने दिसून आले.

यानंतर खुल्या स्पर्धेतून निवडलेले व योआन डेमेन आणि व्हिन्सेंट रायमेन यांनी रचलेले प्रगत मानक २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात १२८ अंकी किल्लीसाठी १० आवर्तने असून प्रत्येकात प्रतिस्थापन, ओळींचे सरकवणे, स्तंभांचे मिश्रण व किल्ली मिळविणे या क्रिया होतात. शेवटच्या आवर्तनात मिश्रण वगळलेले आहे. मिश्रणासाठी वापरलेल्या आव्यूहात एकही शून्य नाही. एवढेच नव्हे, तर त्याचा कोणताही चौरस उपाव्यूह व्यस्तक्षम आहे. म्हणून स्तंभातील एक घटक बदलला, तर मिश्रणानंतर चारही घटक बदलतात. विशिष्ट प्रकारच्या सांख्यिकीय हल्ल्यांविरुद्ध या रचनेची सुरक्षितता मोजून दाखविता येते. सर्व संभाव्य हल्ल्यांविरुद्धची सिद्धता मात्र कोणाजवळही नाही. तज्ञांनी सतत प्रयत्न करूनही संपूर्ण आवर्तनांच्या मानकाची व्यवहार्य उकल सापडलेली नाही, एवढाच तिचा आधार होय. लव ग्रोव्हर यांच्या १९९६ च्या शोधपद्धतीनुसार पुरेसा मोठा पुंज-संगणक उभा राहिल्यास २ च्या १२८ व्या घाताइतक्या किल्ल्यांतील शोधाला तत्त्वतः २ च्या ६४ व्या घाताइतक्याच पायऱ्या पुरतील. हे ध्यानी घेऊन दीर्घकाळ गुप्त राखावयाच्या मजकुरासाठी याच मानकातील २५६ अंकी किल्ली वापरण्याची शिफारस केली जाते.